लहान मुलांचे संस्कार आणि रोजची कामं: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

बालवाडी सुटताना फाटकापाशी, पालकसभा संपल्यावर आणि रात्री मुलं झोपल्यावर येणाऱ्या फोनवर जे प्रश्न वर्षानुवर्षं येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न दोन ते आठ वर्षांच्या मुलांचे आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. ताई, संस्कार आधी की कामं आधी? दोन्हीला वेळ पुरत नाही.

मला ही दोन वेगळी खाती वाटतच नाहीत. चार वर्षांची मुलगी जेवल्यावर आपली वाटी विसळते, तेव्हा तिच्या बोटांना वळण लागतं. आपण उठून गेल्यावर कुणीतरी आपल्यामागे आवरत असतं, हेही तिला तेव्हाच पहिल्यांदा कळतं. कष्टाची किंमत, दुसऱ्याचा विचार, हातातलं काम पुरं करण्याची सवय, हे सगळं त्या वाटीत आहे. संध्याकाळी दिवा लावून श्लोक म्हणणं मला फार आवडतं. जीभ स्वच्छ होते आणि घर दहा मिनिटं एकत्र बसतं. पण ‘खरं बोलावं’ हे पाठ म्हणता येणं आणि पेला फुटल्यावर ‘माझ्याकडून फुटला’ असं सांगता येणं यांत बरंच अंतर आहे. ते रोजच्या व्यवहारातच कापलं जातं. म्हणून सुरुवात कामापासून करा, बोलणं त्याच्याबरोबर आपोआप येतं.

२. कितव्या वर्षापासून सुरू करायचं? अजून लहान आहे हो तो.

मूल ‘मी, मी’ म्हणायला लागलं की. साधारण दीड-दोन वर्षांचं मूल तुमच्या हातातला झाडू ओढतं आणि पोळी लाटताना पोळपाटाशी येऊन लुडबुड करतं. त्या वेळी आपण त्याला खेळणं देऊन बाजूला बसवतो आणि आठव्या वर्षी म्हणतो, ‘काडीला हात लावत नाही.’ दोन वर्षांच्या मुलाला मदत करायची ओढ असते पण कौशल्य नसतं, आठव्या वर्षी कौशल्य असतं पण ओढ विझलेली असते. ओढ असताना हात द्या. उशीर झाला असेल तर काय, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. नेमकं कोणत्या वयात काय जमतं?

वर्षं घट्ट धरू नका, मुला-मुलांत सहा-आठ महिन्यांचा फरक सहज असतो.

दोन-तीन वर्षांचं मूल चपला जोडीनं ठेवतं, मळलेले कपडे बादलीत टाकतं, सांडलेलं फडक्यानं टिपतं आणि आल्यागेल्याला पाण्याचा अर्धा पेला नेऊन देतं. अर्धाच द्या.

तीन-चारचं मूल मटार सोलतं, कोथिंबीर निवडतं, रुमालाची घडी घालतं, कुंडीला पाणी घालतं, साबणानं हात धुतं. नाक शिंकरायला मात्र मुद्दाम शिकवावं लागतं, आणि ते कुणी शिकवत नाही. बालवाडीत आलेल्या निम्म्या मुलांना नाक वर ओढताच येतं. एक नाकपुडी दाबून समोरचं पीस किंवा कागदाचा तुकडा नाकानं उडवायचा खेळ खेळा, दोन दिवसांत जमतं.

पाच-सहाला शी झाल्यावर स्वतः धुणं, तुमच्या नजरेसमोर स्वतः आंघोळ करणं, अंथरुणाची घडी, दप्तर भरणं, कणीक मळायला मदत, नाडी बांधणं. याच वयात ताट वाढायला शिकवा. वर मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भात-पोळी. डावं-उजवं पक्कं होतं, आणि चार माणसांना काय हवं-नको याकडे लक्ष जातं. पाच ताटं मांडायची आणि सहा जण जेवणारे, हे गणित पाटीवरच्या गणितापेक्षा लवकर सुटतं.

सात-आठचं मूल लिंबू सरबत, कालवलेले पोहे, भेळ, काकडीची कोशिंबीर अशी गॅसवाचूनची कामं पूर्ण करू शकतं. स्वतःचा डबा घासतं, कपडे वाळत घालतं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून जिन्नस आणतं (प्रश्न १५ पाहा).

४. शिकवायचं कसं? मी दहा वेळा सांगते, तरी तसंच करतो.

कारण आपण सांगतो, आणि मूल बघत असतं. दाखवताना तोंड बंद आणि हात हळू ठेवा. हात चालत असताना बोललात तर मूल तुमच्या तोंडाकडे बघतं आणि हाताची हालचाल निसटते. आधी सावकाश एकदा करून दाखवा, मग त्याच्या हाती द्या.

दुसरं म्हणजे काम फोडा. ‘खोली आवर’ हे सहा वर्षांच्या मुलासाठी काम नाहीच, तो नुसता धाक आहे. ‘गाड्या या टोपलीत, पुस्तकं त्या फळीवर’ हे काम आहे. सदऱ्याची बटणं खालून वर लावायला शिकवा, वरून सुरू केलं की एक काजं हमखास चुकतं. रुमालाची घडी शिकवताना मधोमध दोऱ्याचा एक टाका मारून ठेवा, त्या रेघेवर दुमड पडते. पाणी ओतायच्या आधी आठ दिवस एका तांब्यातून दुसऱ्यात ज्वारी ओतू द्या, खाली परात ठेवा. सांडलं तरी परातीत. ज्वारी स्थिर झाली की पाणी.

आणि मुलानं केलेलं काम त्याच्यादेखत पुन्हा करू नका. वाकडी घातलेली घडी तुम्ही लगेच उलगडून नीट घातलीत की त्याला कळतं, आपलं काम खोटंच होतं. अगदीच राहवत नसेल तर ते झोपल्यावर करा.

५. सकाळी सात चाळीसची बस असते. त्याला स्वतः करू दिलं तर बस चुकते. मग कधी शिकवायचं?

सकाळी शिकवायचंच नाही. नवीन काम रविवारी किंवा संध्याकाळी शिकवा, सरावाचं झालं की सकाळच्या वेळापत्रकात घाला. सकाळची बरीच घाई आदल्या रात्री मिटते. गणवेश, मोजे, दप्तर आणि पाण्याची बाटली झोपायच्या आधी एका जागी, मुलाच्या हातानं. तरीही सकाळी दहा मिनिटं जास्त लागणारच. ती दहा मिनिटं आधी उठून मिळवा, मुलाच्या अंगावर ओरडून मिळत नाहीत.

सात-आठ वर्षांपर्यंत काहीच केलेलं नसेल तर एकदम यादी लावू नका. एकच काम निवडा, ज्याच्यावर घरातल्या कुणाचं तरी काही अवलंबून आहे. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं, उदाहरणार्थ. विसरला तर घरात प्यायला पाणी नाही, हे त्याला दिसतं. महिनाभर तेवढंच.

६. सुरी, गॅस, कुकर या गोष्टींची भीती वाटते. स्वयंपाकघरात येऊ द्यावं का?

येऊ द्या, पण कडक नियमांसह. पेटलेल्या शेगडीपासून दोन हात अंतरावर, जमिनीवर बसकण किंवा पाट देऊन त्याची जागा ठरवा. कढया-पातेल्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवायची सवय स्वतःला लावा. कुकर, गरम तेल आणि उकळतं पाणी आठ वर्षांखाली नाहीच. कापायचं असेल तर चार-पाच वर्षांच्या मुलाला लोणी लावायची बोथट सुरी आणि केळं द्या. तेवढ्यावर ते खूश असतं. उकडलेला बटाटा, मग काकडी, असं पुढे. विळीला हात लावायचा नाही हे निक्षून सांगा.

आणखी एक, जे शेंगा सोलताना आठवत नाही: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. शेंगा सोलू द्या, खायला कूट द्या. द्राक्षं उभी चिरून द्या.

भाजलंच तर जागा ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नका. फोड मोठा असेल, चेहरा, हात किंवा जननेंद्रिय भाजलं असेल तर पाण्यानंतर थेट डॉक्टर. ही माहिती आजीलाही द्या, कारण भाजलं की हळदीचा डबा पहिल्यांदा त्याच उघडतात.

७. मॉन्टेसरीची साधनं विकत घ्यावी लागतील का? फार महाग आहेत.

नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, ते कष्टकरी वस्तीतल्या मुलांसाठी, आणि तिथे झाडणं, धुणं, जेवण वाढणं अशा खऱ्या कामांना मोठी जागा होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेच तत्त्व मातीत रुजवलं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, त्यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. साधनं काय होती? शंखशिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. जे भोवती होतं तेच.

तुमच्या घरात चिंचोके आहेत, वाट्या आहेत, कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. चिमटे लावणं-काढणं हा लेखणी धरायच्या बोटांचा उत्तम व्यायाम आहे. फक्त मुलाच्या मापाची अवजारं असू द्या: आखूड दांड्याचा झाडू, लहान तांब्या, त्याचा हात पोचेल अशी खुंटी. खुंटी खाली ठोकली की निम्मे कपडे जमिनीवरून उचलले जातात.

८. माझा मुलगा भांडी लावतो तर सासूबाईंना आवडत नाही. ‘मुलगा आहे तो’ म्हणतात. काय बोलू?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि दर वेळी विचारणाऱ्या आईचा आवाज खाली गेलेला असतो.

सासूबाईंशी वाद घालून हे सुटत नाही. त्यांना बहुधा वाटतं की नातवाला कमीपणा येतो. तो जाण्याचा एकच खात्रीचा मार्ग मी पाहिला आहे: मुलाच्या बाबांनी रोज, न बोलता, स्वतःचं ताट उचलणं. आईनं मुलाला सांगितलं तर ते ‘सुनेचं खूळ’ ठरतं. मुलानं बापाचं पाहून केलं तर ती घराची रीत होते. त्यामुळे हे बोलणं आधी नवऱ्याशी करा.

मग आजींनाच गुरू करा. ‘आई, याला तुमच्यासारखी भाकरी थापायला शिकवा ना’ म्हणून बघा. माझ्या ओळखीच्या एका आजींनी आधी नाक मुरडलं होतं, पुढे नातवानं थापलेली वेडीवाकडी भाकरी त्यांनी शेजारी नेऊन दाखवली.

मुलींच्या बाबतीत उलटी काळजी घ्या. काम वाटताना सहा वर्षांच्या मुलीला ‘दादाचं ताट उचल’ असं सांगितलं जात असेल तर ते आजच थांबवा. ती जे शिकते आहे ते काम नव्हे, आणि दादा जे शिकतो आहे ते त्याहून वाईट. मुलीला स्क्रू पिळायला, सायकलीत हवा भरायला, दिवा बदलताना स्टुल धरायला घ्या. नोकरीसाठी किंवा शिकायला घराबाहेर पडलेली मुलं-मुली खोलीवर एकटी राहतात, तिथे वरण-भात दोघांनाही लागतो.

९. काम केलं की पैसे किंवा चॉकलेट द्यावं का?

घराच्या रोजच्या कामाचे पैसे देऊ नका. आई पोळ्यांचे पैसे घेत नाही, मग त्यानं ताटं मांडण्याचे का घ्यावेत? बक्षीस लागलं की मूल आधी भाव विचारतं, आणि एक दिवस म्हणतं, ‘आज मला पैसे नकोत, म्हणून करत नाही.’ त्यावर तुमच्याकडे उत्तर उरत नाही. ‘तू पाणी भरून ठेवलंस, मला आल्या आल्या मिळालं’ एवढं वाक्य पुरतं. ‘शाब्बास, किती हुशार’ यापेक्षा हे वाक्य जास्त टिकतं, कारण त्यात काय उपयोग झाला ते आहे.

पैशाची ओळख वेगळी करून द्या. सहाव्या-सातव्या वर्षापासून आठवड्याला ठरावीक छोटी रक्कम, कामाशी न जोडता. काही गल्ल्यात, काही खर्चाला. खर्चाचे पैसे मंगळवारी संपले तर रविवारपर्यंत थांबायचं. तुम्ही हळूच भर घालू नका, शिकणं त्या थांबण्यातच आहे. १० वर्षं पूर्ण झाली की बँकेच्या अटींनुसार मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, तेव्हा गल्ला घेऊन बँकेत जा.

१०. खोटं बोलायला लागला आहे. साडेचार वर्षांचा आहे. फार मनाला लागलंय.

लावून घेऊ नका. या वयात कल्पना आणि खोटं यांच्यात भिंत नसते. ‘आमच्या गच्चीवर वाघ आला होता’ हे खोटं नाही, गोष्ट आहे. ‘हो का? मग काय झालं?’ म्हणा आणि ऐका.

भीतीपोटी लपवणं वेगळं. त्यात आपला हात बरेचदा मोठा असतो. आपल्याला सगळं माहीत असताना आपण विचारतो, ‘हे कुणी केलं?’ आवाज चढलेला असतो. मूल दारातच अडकतं. त्याऐवजी जे दिसतं ते सांगा: ‘पेला फुटलाय. मागे हो, काचा मी उचलते. तू सुपली आण.’ आधी आवराआवर, मग बोलणं. मुलानं खरं सांगितलं तर त्या दिवशी शिक्षा नको, भरपाई हवी. सांडलं तर पुसायचं, फाडलं तर चिकटवायचं.

नवशिकी असताना मी एका मुलाला रंगखडू ‘चोरल्याबद्दल’ वर्गासमोर बोलले होते. त्यानं ते घरी आजारी असलेल्या बहिणीसाठी नेले होते, आणि दुसऱ्या दिवशी परत आणणार होता. त्यानंतर कित्येक महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही. तेव्हापासून मी आधी विचारते, तेही बाजूला घेऊन.

आणि घरातलं बघा. ‘सांग, बाबा घरी नाहीत’ असं मुलाकडून फोनवर वदवून घ्यायचं, बसमध्ये अर्धं तिकीट वाचवायला वय कमी सांगायला लावायचं, मागे चार वर्षांवरचं मूल हेल्मेटशिवाय बसवून सिग्नल तोडायचा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हा कायदाच आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

११. ‘काकांना नमस्कार कर’ म्हटलं की पायामागे लपतो. चारचौघांत लाज वाटते.

जबरदस्ती करू नका. तुम्ही स्वतः वाकून नमस्कार करा आणि मुलाला पर्याय द्या: हात जोड, किंवा नुसतं ‘या, बसा’ म्हण, किंवा पाणी आणून दे. लाजाळू मुलाला पाण्याचा पेला नेणं बोलण्यापेक्षा सोपं जातं, आणि पाहुण्यालाही ते जास्त आवडतं. ‘सॉरी म्हण’चंही तेच. रागानं धुमसणाऱ्या मुलाकडून शब्द वदवून घेतला की तो शब्द सुटकेचा परवाना होतो. शांत झाल्यावर ‘तिला लागलंय, काय करूया?’ विचारा. मुलं फुंकर घालतात, स्वतःचा खाऊ देतात. शब्द मागाहून येतो.

पापा घेणं, मांडीवर बसणं यांची सक्ती तर मुळीच नको. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. मोबाइलशिवाय घास घेत नाही. संस्कार बाजूलाच, आधी हे सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेलं माप असं: दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं चांगलं. पण मापापेक्षा जागा महत्त्वाची. ताटावर आणि अंथरुणावर मोबाइल नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना. बाबांनाही. आजोबांच्या बातम्यांनाही.

सोडवताना चार-पाच दिवस मूल कमी जेवेल. निरोगी मूल भुकेनं आपणहून येतं, तेवढा दम धरा. वजन आधीच कमी असेल किंवा आजारपण असेल तर डॉक्टरांना विचारून करा. जेवणाआधी त्याला ताट मांडायला घेतलं तर निम्मी लढाई तिथेच संपते, स्वतः सोललेले मटार मूल स्वतः खातं. भरवणं थांबवा. सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा.

१३. एक चापट दिली तर काय बिघडतं? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

मोठे झालात, पण तो मार अजून लक्षात आहे, आणि कशासाठी खाल्ला ते बहुतेकांना आठवत नाही. चापटीनं त्या क्षणी मूल थांबतं, आणि पुढच्या वेळी तुमच्या पाठीमागे करतं. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केला आहे. घरात कायद्याची वाट कशाला बघायची?

हात उचलावासा वाटतो तो बहुधा आपण दमलेले असतो तेव्हा. खोलीतून बाहेर जा, तोंडावर पाणी मारा, मग या. मूल धोक्यात असेल, रस्त्याकडे धावत असेल, तर दंड धरून ओढा, मोठ्यानं ‘थांब’ म्हणा. ते मारणं नव्हे. आणि कधी हात उचललाच गेला तर नंतर मुलाची माफी मागा. आईबापानं चूक कबूल केलेली बघणं हाही संस्कारच आहे.

१४. मोठ्यांचं ऐकायचं असं शिकवतो. पण मग एखाद्या मोठ्यानंच वाईट वागणूक दिली तर?

म्हणूनच ‘मोठ्यांचं सगळं ऐक’ असं शिकवू नका. ‘मोठ्यांशी आदरानं बोल’ असं शिकवा. आज्ञा पाळणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला अपवाद असतात.

मुलाला शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं सांगा, लाजेची टोपणनावं नकोत. बनियन-चड्डीखालचा भाग त्याचा स्वतःचा. आंघोळ घालताना आई-बाबा-आजी आणि तपासताना, आईबाबा सोबत असताना, डॉक्टर, एवढेच हात लावतील. कुणीही, अगदी घरचा माणूसही, ‘आईला सांगू नको’ म्हणाला तर तीच गोष्ट आईला आधी सांगायची. वाढदिवसाची भेट लपवणं ही गंमत असते कारण ती पुढे उघड होते. कधीच सांगायचं नाही असं गुपित मुलानं कुणाचंच ठेवायचं नसतं.

‘नको’ म्हणायचा सराव घरातच होतो. गुदगुल्या करताना मूल ‘बास’ म्हणालं की त्याच क्षणी थांबा.

मुलानं काही सांगितलं तर पहिलं वाक्य ‘तुझी काही चूक नाही, सांगितलंस ते चांगलं केलंस.’ खोदून खोदून विचारू नका. चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या फोनसेवेचा, १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘घरातलं आहे, घरातच मिटवू’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका.

१५. एकट्याला दुकानात पाठवू का? हरवला तर?

वय मी सांगणार नाही, रस्ता बघून सांगेन. वाडीतलं किंवा सोसायटीच्या आवारातलं दुकान आणि मध्ये रहदारी नाही, तर सात-आठ वर्षांचं मूल जाऊ शकतं. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर नाही, दहाव्या वर्षापर्यंतही नाही. आधी चार वेळा तुमच्याबरोबर, पण तो पुढे आणि तुम्ही मागे. वाण्याशी त्यानं बोलायचं, पैसे त्यानं द्यायचे, उरलेले त्यानं मोजायचे. मग तुम्ही गॅलरीत, तो दुकानात.

हरवला तर काय, याची तयारी तीन वर्षांपासून. स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांचं नाव (‘आई’ हे नाव नव्हे), मोबाइल क्रमांक. क्रमांक चालीवर म्हणायला शिकवा, आरतीसारखा पाठ होतो. जत्रेत किंवा स्टेशनात चुकामूक झाली तर शोधत पळायचं नाही, तिथेच उभं राहायचं, गणवेशातल्या पोलिसाला किंवा मुलं बरोबर असलेल्या बाईला सांगायचं.

१६. घरी कामाला मावशी येतात. मग मुलानं काम करण्याची गरज त्याला कशी पटवायची?

मावशी घराचं काम करतात, मुलाच्या पसाऱ्याचं नाही. खेळणी, मोजे, खाल्लेली वाटी त्यानंच उचलायची, त्या येण्याआधी. त्यांना मुलानं नावानं हाक मारायची नाही, हुकूम सोडायचा नाही, आणि चहा देताना कप सगळ्यांसारखाच. वेगळा ठेवलेला कप मूल बघतं आणि न विचारता पुढची पिढी तो वेगळा ठेवते. त्या सुट्टीवर असतात तो दिवस वाया घालवू नका. त्या दिवशी सगळं घर मिळून भांडी घासा, मुलाला पाण्याखाली विसळायला द्या. मावशी परत आल्यावर मूल त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

१७. आजी-आजोबा सगळे नियम मोडतात. त्यांना थांबवायचं कसं?

दोन-तीन नियम सोडून थांबवू नका. सुरक्षेचे नियम (प्रश्न ६ आणि १४), मारायचं नाही, आणि जेवताना पडदा नाही, हे सगळ्यांना लागू. बाकी दुपारी जास्तीचा लाडू, झोपायला अर्धा तास उशीर, तिसरी गोष्ट, हे आजी-आजोबांचं राज्य. मुलाला बरोबर कळतं की इथे असं आणि तिथे तसं. नियम बोलायचा तर मुलासमोर नको, आणि ज्याचे आईवडील त्यानं बोलावं. सासूशी सुनेनं आणि सासऱ्याशी जावयानं बोलायला गेलं की विषय लाडवाचा राहत नाही.

१८. आम्ही परदेशात आहोत. मराठी संस्कार कसे द्यायचे? इथे तर काहीच नाही.

स्वयंपाकघर आहे की. भाषा सणापेक्षा कामाला जास्त चिकटते. ‘चिमूटभर’, ‘ओंजळ’, ‘मळ’, ‘लाट’, ‘उलट’, ‘सांडलं’, ‘निथळू दे’ हे शब्द कणकेबरोबर शिकलेलं मूल विसरत नाही. दर रविवारी एक पदार्थ, पूर्ण वेळ मराठीत, आणि व्हिडिओवर आजी तिकडून सांगणार. त्या देशातल्या मुलांबरोबर ते जे शिकतं, रांगेत थांबणं, दुसऱ्यासाठी दार धरणं, तेही संस्कार आहेत. त्यांना ‘त्यांचं’ म्हणून बाजूला काढू नका.

१९. दुसऱ्या मुलांपेक्षा हळू शिकतो. पाच वर्षांचा झाला तरी बटणं लागत नाहीत.

एक काम मागे असेल आणि बाकी ठीक, तर सराव आणि वेळ द्या. पण बोलणं, धावणं, डोळ्याला डोळा देणं, इतर मुलांत मिसळणं यांतही मागे असेल, किंवा आधी येणाऱ्या गोष्टी विसरत चालला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. ‘मोठा झाला की येईल’ यात वर्षं जातात. ज्या मुलाला खरंच जास्त मदत लागते, त्यालाही घरात एक काम असावंच, त्याला जमेल असं. माझ्या वर्गात एक मुलगा बोलत नव्हता. घंटा वाजवण्याचं काम त्याचं होतं. सुट्टी कधी होणार ते सगळा वर्ग त्याला विचारायचा.

२०. मुलगी सगळं स्वतः करायची. धाकटा भाऊ झाल्यापासून भरव म्हणते, चड्डीत शू करते. इतकं शिकवलेलं पाण्यात गेलं का?

गेलेलं नाही, झाकलं गेलंय. बाळाला भरवतात, कडेवर घेतात, धुतात, हे ती बघते आणि तेच मागते. दोन-तीन महिने द्या ते. भरवा, मांडीवर घ्या, चड्डी बदलताना चेहरा वाकडा करू नका. ‘तू आता ताई झालीस ना’ हे वाक्य घरात सगळ्यांना बंद करायला सांगा, पाहुण्यांनाही. शू करताना जळजळ किंवा ताप असेल तर मात्र लघवी तपासून घ्या, प्रत्येक वेळी कारण भाऊच नसतो.

काम काढून घेऊ नका, बदला. बाळाची दुपटी घडी करून एका टोपलीत ठेवायची, ती टोपली तिची. आणि रोज पंधरा मिनिटं दार लावून फक्त तुम्ही दोघी, बाळ आजीकडे. त्या वेळात तिला काहीही शिकवू नका.